निळ्या लोकरीची जुडी

(जपानमधल्या एका डोंगरी गावातला दवाखाना. डॉक्टर तोगाशी आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी डॉक्टर कानो.)

तोगाशी : हळू बोल. त्याची बायको पडद्याच्या पलीकडेच बसलीय.

कानो : सर, हळू बोलायची ही वेळ आहे का? गिसुकेकाकांचे ठोके बघा ना. मघाशी एकशे चाळीस होते, आता पन्नास, आणि मधेच तीन-तीन सेकंद काहीच नाही. ओठ बधिर, बोटं बधिर, चार उलट्या झाल्या. बहात्तर वर्षांचा सुतार माणूस, सकाळी छपरावर चढून पत्रे ठोकत होता हो!

तोगाशी : ते सगळं मलाही दिसतंय. निदान सांग. दोन वर्षं शिकतेयस इथे. परीक्षेत विचारलं तर काय लिहिशील?

कानो : बचनाग.

तोगाशी : पूर्ण वाक्यात.

कानो : निरिन्सो ही रानभाजी समजून बचनागाची कोवळी पानं पोटात गेलीत. दोन्ही एकाच ओढ्याच्या काठी, एकाच आठवड्यात उगवतात. पानं जुळ्या बहिणींसारखी. पांढरं फूल किंवा कळी दिसली तरच निरिन्सो, नाहीतर हात लावायचा नाही. हे तुम्हीच मला पहिल्या महिन्यात ओढ्यावर नेऊन दाखवलं होतंत.

तोगाशी : उतारा?

कानो : नाही. उतारा नाहीच. ठोके सांभाळायचे आणि मोठ्या हॉस्पिटलात पोचवायचं.

तोगाशी : धुकं आहे, हेलिकॉप्टर उडत नाही म्हणाले. अँब्युलन्स खालून निघालीय, घाट चढून यायला पाऊण तास लागेल. तोवर मी आणि नर्स यायेबाई आहोत त्याच्यापाशी. तुला दुसरं काम आहे.

कानो : भाजी कुणी दिली ते शोधायचं.

तोगाशी : आणि अजून कुणाकुणाला दिली ते.

कानो : काकूंना चारदा विचारलं मी. एकच पालुपद. ‘कुणीतरी दाराला लावून गेलं.’ म्हटलं, कोण? तर म्हणे, ‘बघितलं नाही.’ अहो, बघितलं नाही कसं? त्यांना चांगलं माहीत आहे!

तोगाशी : माहीत असणारच. पण ती नाव घेणार नाही.

कानो : नवरा मरतोय तिचा!

तोगाशी : नवरा मरतोय, पण शेजारीण जिवंत आहे. उद्या सकाळी उठून तिच्याच दारावरून जायचंय. कानो, इथे कोणी हातात काही देत नाही. दाराच्या कडीला लावायचं आणि निघून जायचं. घेणाऱ्याने ओळखायचं, पण बोलायचं नाही. एकतीस वर्षं झाली मला या गावात. माझ्या दाराला लागलेल्या एकाही कोबीवर कुणाचं नाव ऐकलं नाही मी.

कानो : छान रीत आहे!

तोगाशी : छानच आहे. आजचा दिवस सोडला तर.

कानो : हे बघा. काकूंनी पिशवीत दडपलं होतं, मी ओढूनच घेतलं. जुडी ह्याने बांधलेली होती.

तोगाशी : इकडे आण.

कानो : सर? बघताय ना?

तोगाशी : बघतोय. निळी लोकर.

कानो : तुम्ही असे अडखळत का बोलताय?

तोगाशी : सूप गरम होतं. जीभ भाजली. तू पुढे बोल.

कानो : ही लोकर मी ओळखते. ताकेआजींची. मार्चमध्ये तपासायला आल्या तेव्हा माझ्यासाठी मुळ्याचं लोणचं आणलं होतं, पिशवीचं तोंड ह्याच लोकरीने बांधलेलं. नवरा गेल्यावर त्याचा स्वेटर टाकवेना म्हणून उसवला, आता पुरवून पुरवून वापरतात. त्यांनीच सांगितलं मला.

तोगाशी : मग इथे काय करतेयस? गाडीची किल्ली घे.

कानो : सर, एक सांगायचंय.

तोगाशी : येऊन सांग.

कानो : नाही, आत्ताच. मार्चमध्ये मी त्यांचे डोळे बघितले. दोन्हीकडे मोतीबिंदू, चांगला पिकलेला. तेव्हाच खाली ऑपरेशनला पाठवायला हवं होतं. त्या हात धरून म्हणाल्या, एवढा डोंगरातल्या भाजीचा हंगाम जाऊ दे, मग कुठे पाठवायचं तिकडे पाठव. आणि मी... मला त्यांचं मन मोडवेना. मी लिहिलं, जूनमध्ये पाठवणे, रुग्णाच्या विनंतीवरून.

तोगाशी : माहीत आहे. तुझ्या प्रत्येक कागदावर माझा शिक्का लागतो.

कानो : तुम्ही रोज पन्नास कागदांवर शिक्के मारता. वाचला नसेल तुम्ही.

तोगाशी : वाचून मारला. मलाही वाटलं, म्हातारीचा एक वसंत, जाऊ दे. रडायचं असेल तर गाडीत रड. आणि ऐक. चहा देईल, तो पी. नाही म्हणालीस तर तोंड उघडणार नाही ती. दुसरं काहीही खाऊ नकोस. आणि किती जुड्या बांधल्या ते विचार. ताके एक जुडी बांधून थांबणारी बाई नाही.

कानो : तुम्ही टेबल का धरून ठेवलंय, सर?

तोगाशी : पुस्तकातला बचनाग एकतीस वर्षांनी समोर आलाय. धरू दे. जा.

(ताकेआजींचं स्वयंपाकघर. गॅसवर मोठ्या पातेल्यात पाणी उकळतंय, शेजारी वर्तमानपत्रावर हिरव्या पानांचा ढीग.)

ताके : कोन? डॉक्टरीणबाई व्हय? या, या, वर या. पायरीला जपून, वली हाय. अशा भर दुपारच्या कशा काय आलात? जेवलात का?

कानो : जेवले, आजी. इकडून चालले होते, म्हटलं डोकावावं.

ताके : बरं केलंत. बसा, च्या टाकते. पानी उकळलंच हाय बघा. ते भाजीसाठी ठेवलं व्हतं, पर च्या आधी.

कानो : तुम्ही जेवला नाहीत अजून?

ताके : म्या? म्या सगळ्यात शेवटी खाते बाई. चांगली चांगली पानं लोकास्नी देऊन झाली की जो गाळ उरतो त्यो माझा. सासूनं लावलेली सवय. आता उकडते नि वर जरा सोया सॉस वतते, की झालं जेवान.

कानो : गॅस बंद करू का मी?

ताके : आँ? का?

कानो : चहा झाला ना. वाया जातोय गॅस.

ताके : शहरातली असून काटकसरी हाय गं पोर! घे, च्या घे. गरम हाय.

कानो : आजी, डोंगरात कधी गेला होतात?

ताके : आज पहाटंच. धुकं व्हतं मरणाचं, पर माझ्या पायांना वाट ठावी हाय. साठ वर्सं एकाच वाटंनं जातीया म्या. डोळं मिटून जाईन.

कानो : आणि आल्यावर जुड्या बांधून लोकांच्या दारांना लावल्यात.

ताके : कुनी सांगितलं?

कानो : कुणी नाही.

ताके : मंग? म्या कशाला कुनाच्या दाराला काय लावू? असंल कुनीतरी दुसरं.

कानो : गिसुकेकाका दवाखान्यात आहेत, आजी. भाजी खाल्ली आणि पंधरा मिनिटांत पडले.

ताके : गिसुके? वरच्या आळीचा? त्यो दारू पितोय लई.

कानो : दारूने जीभ बधिर होत नाही. दारूने काळजाचा ठोका चुकत नाही. त्यांच्या पोटात बचनाग गेलाय.

ताके : थूत! असलं नाव या घरात काढू नगा. कुनी दिलं त्याला त्ये?

कानो : जुडी निळ्या लोकरीने बांधली होती.

ताके : माझं चुकत न्हाई. ऐका, डॉक्टरीणबाई, तुमी कालच्या. म्या चौऱ्याऐंशीची हाय. माझी सासू ओढ्यावर न्यायची नि माझ्या डोळ्यांना पट्टी बांधून पानं हातात द्यायची, वळख म्हनायची. चुकलं की थोबाडीत. आख्ख्या गावात कुनालाबी विचारा. दुसऱ्या कुनी दिलेली भाजी लोक आधी निवडून बघत्यात, ताकेची दिसली की तशीच पातेल्यात टाकत्यात. तशीच! साठ वर्सं!

कानो : म्हणूनच मी घाबरलेय.

ताके : कशाला भ्यायचं? हे बघा, ढीग हाय न्हवं हितं? ही निरिन्सो. ही बी निरिन्सो. ही बी.

कानो : फूल कुठेय ह्याला?

ताके : कळी हाय. बारीक असत्या. तुमाला दिसायची न्हाई.

कानो : मला दिसतं, आजी. कळी नाहीये. ह्याला पण नाही. ह्या एका पानाला आहे. ह्याला नाही. ह्या ढिगात निम्मं बचनाग आहे.

ताके : उगं काहीबाई बोलू नगंस! हाताला कळतंय मला!

कानो : बरं, एक सांगा. मी किती बोटं धरलीत?

ताके : ह्यो काय पोरखेळ मांडला?

कानो : मार्चमध्ये केलं होतं ना आपण? तसंच. किती?

ताके : ...तीन.

कानो : नीट बघून सांगा.

ताके : तीनच. सांगितलं न्हवं?

कानो : आजी, माझे दोन्ही हात मांडीखाली आहेत. मला माफ करा. असं करायला नको होतं मी. पण गावात अजून कुणाच्या तरी पातेल्यात हे शिजत असेल. मला नावं हवीत. किती जुड्या बांधल्या?

ताके : मार्चातसुदिक म्या अंदाजानंच सांगितलं व्हतं. धा वेळा तू बोटं धरलीस, तीनदा बरोबर आलं. तुला वाटलं थोडं थोडं दिसतंय.

कानो : मला काय वाटलं ते राहू दे. किती?

ताके : म्या तुला हात धरून म्हनलं, हंगाम जाऊ दे. डोंगर बंद झाला तर ताके कुनाला काय देनार? आन ज्याच्या दाराला आपलं काई लागत न्हाई, त्याची कुनाला आठवन येती गं? तू पोरगी चांगली. ऐकलंस माझं.

कानो : ऐकायला नको होतं. किती जुड्या, आजी?

ताके : सा.

कानो : एक गिसुकेकाकांची. बाकीच्या?

ताके : नाव घ्यायचं नसतंय गं.

कानो : आज घ्यायचं!

ताके : वरडू नगं... सांगते. शेजारची हात्सुनो. पोस्टातला कुराता. त्यो कुराता एकलाच असतो. देवळाखालची म्हातारी, मित्सू. आन शाळंजवळची मिनेगिशी.

कानो : मिनेगिशी? जिची दोन लहान मुलं आहेत?

ताके : व्हय. धाकट्याला लई आवडती.

कानो : आज सुट्टी आहे शाळेला. सगळी घरीच असतील... थांबा, फोन लावते. हॅलो, सर? कानो. हो, ताकेआजीच. सहा जुड्या. लिहून घ्या : हात्सुनो, पोस्टातले कुराता, देवळाखालच्या मित्सू, आणि मिनेगिशी. मिनेगिशींना सगळ्यात आधी फोन करा.

तोगाशी : लिहितो. मि-ने-गि-शी. हे पाच झाले. सहावा?

कानो : आजी, सहावी कुणाला?

ताके : सहावी... धुकं व्हतं. शेवटची व्हती हातात. कुठं तरी खाली उतरले, कडी चाचपली, लावली. कुठं गं लावली म्या? आठवंना.

कानो : सर, सहावं घर त्यांना आठवत नाही.

तोगाशी : मग नगरपालिकेत फोन कर. प्रत्येक घरात भोंग्याचा डबा आहे, वादळ-भूकंपाचं सांगतात तो. त्यावर सांगायला लाव.

कानो : तुमचा आवाज फारच जड येतोय.

तोगाशी : फोन जुना आहे. गिसुके अजून आहे, एवढं ऐक आणि कामाला लाग. मी मिनेगिशीला लावतो.

ताके : भोंग्यावर काय सांगनार हाय तू?

कानो : आज दाराला लागलेली रानभाजी कुणी खाऊ नये. एवढंच. घाबरू नका, तुमचं नाव येणार नाही त्यात.

ताके : माझं नाव न्हाई?

कानो : शब्द देते.

ताके : मंग कुनी बी टाकायचं न्हाई ती भाजी.

कानो : का?

ताके : अगं, डोकं चालीव की! दाराला रोज कुनाचं ना कुनाचं काहीतरी लागतंयच. भोंगा म्हनला भाजी टाका, तर लोक कुनाची टाकतील? दुसऱ्या-तिसऱ्यांची. आन माझी जुडी हातात घेऊन म्हनतील, ही तर ताकेची, ताकेचं कवाच चुकत न्हाई, ही ठेवा.

कानो : ...हो. खरंच तसंच म्हणतील.

ताके : गिसुकेच्या बायकूनं सांगितलं का तुला माझं नाव?

कानो : नाही. शेवटपर्यंत नाही.

ताके : गुनी बाई हाय ती. तिच्या नवऱ्याला म्या... त्यो जगंल का गं?

कानो : माहीत नाही. खरंच माहीत नाही, आजी.

ताके : लाव त्यो फोन. त्यास्नी म्हनावं, फोनचं तोंड भोंग्याला लावा. तू नाव घ्यायचं न्हाईस. म्या घेते.

कानो : नक्की?

ताके : लाव, म्हनते ना!

कानो : हॅलो, मी दवाखान्यातली डॉक्टर कानो. भोंगा सुरू करा, आत्ता लगेच, सगळ्या घरांत. आणि हा फोन माईकपाशी धरा. नाही, साहेबांना विचारायला वेळ नाही. विषबाधा झालीय. हो. माझ्या जबाबदारीवर. ...घ्या, आजी. बोला.

ताके : आयका. म्या ताके, ओढ्याकडची. आज सकाळी तुमच्या दाराला निळ्या लोकरीची जुडी कुनी लावली असंल, तर ती म्या. ती खाऊ नगा. बचनाग हाय त्यात. शिजली असंल तर वता, खाल्ली असंल तर दवाखान्यात पळा. माझं चुकत न्हाई असं मनात बी आनू नगा. मला दिसत न्हाई. दोन वर्सं झाली, काईच धड दिसत न्हाई. म्या लपवलं. मागच्या सालचीबी कुनी सुकवून ठिवली असंल तर टाका. ...झालं. घे गं ह्यो फोन. घे लवकर.

कानो : बसा. टेका इथे भिंतीला. पाणी देऊ?

ताके : भोंग्यावर आपलाच आवाज घरात परत आला. किती म्हातारा वाटतो न्हाई?

कानो : छान बोललात. मला नसतं जमलं.

ताके : छान कसलं त्यात? आता ह्या घराच्या दाराला जन्मात काई लागायचं न्हाई.

कानो : फोन वाजतोय. हॅलो, सर! बोला!

तोगाशी : ऐकला भोंगा. हात्सुनोचा फोन आला, तशीच आहे जुडी. कुराताने संध्याकाळसाठी ठेवली होती. मित्सूने फेकली, आता खिडकीतून ओरडून शेजाऱ्याला सांगतेय. मिनेगिशीने पोरांच्या ताटात वाढली होती.

कानो : खाल्ली?

तोगाशी : नाही. मी फोन केला तेव्हा धाकट्याने हातात जेवायच्या काड्या घेतल्या होत्या. ती म्हणाली, डॉक्टर, ताकेची आहे हो, काळजी नको. मी तिला गप्पांत धरून ठेवलं, तेवढ्यात भोंगा वाजला. आता रडतेय नुसती.

कानो : देवा. मग पाच झाली. सहावी तेवढी राहिली.

ताके : पोरी, आठवलं. घर न्हाई आठवत, पर वास आठवला. कडी चाचपली तवा दाराला औषधाचा वास येत व्हता.

कानो : औषधाचा?

ताके : व्हय, त्योच तुमच्या बोटांना येतो त्यो. आता ध्यानात आलं. मागलं दार. दर साली लावते म्या त्यास्नी. बायकू गेल्यापास्नं वरच्या खोलीत एकलंच असत्यात, कच्चंपक्कं खात्यात. सगळ्यात कोवळी जुडी त्यांचीच बांधली व्हती.

कानो : सर.

तोगाशी : ऐकू आलं मला.

कानो : दुपारी काय जेवलात तुम्ही?

तोगाशी : सूप म्हणालो ना.

कानो : सर!

तोगाशी : दोन घास. तिसरा तोंडाजवळ होता आणि गिसुकेला घेऊन आले. त्याने वाचवलं म्हण हवं तर.

कानो : मी निघाले तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. जीभ भाजली नव्हती.

तोगाशी : जीभ चुरचुरत होती. निदान तर तूच केलं होतंस, पूर्ण वाक्यात.

कानो : आणि लोकर? तुमच्या दाराला पण निळी लोकर होती. नाव तुम्हाला माहीत होतं!

तोगाशी : होतं. ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. तू घेतलंस तेव्हा सुटल्यासारखं वाटलं मला. एवढी वर्षं स्वतःला बाहेरचा समजत होतो. आज कळलं, पक्का इथला झालोय.

कानो : मला सांगायचंत तरी! मी लगेच—

तोगाशी : तू थांबली असतीस माझ्यापाशी. आणि मिनेगिशीचा धाकटा जेवून मोकळा झाला असता.

ताके : काय झालं गं? डॉक्टरसाहेब हायेत का फोनवर? बोल की! काय झालं त्यास्नी?

कानो : आजी, थांबा जरा. सर, ठोके किती आहेत तुमचे?

तोगाशी : यायेबाई लिहितायत. मी बघायचं सोडून दिलंय. मला गिसुकेच्या शेजारच्या खाटेवर टाकलंय त्यांनी. आमचे दोघांचे मॉनिटर एकाच तालात बीप-बीप करतात, मधूनच एक चुकतो. कुणाचा चुकला ते कळत नाही.

कानो : अँब्युलन्स?

तोगाशी : शेवटच्या वळणावर आहे. एकच आहे, कानो. दुसरी यायला दीड तास लागेल. एका स्ट्रेचरवर एकच माणूस जातो.

कानो : तुम्ही आधी. नाही, गिसुकेकाका... सर, काय करायचं? सांगा ना. कुणाला पाठवू?

तोगाशी : मला विचारू नकोस. रुग्णाची विनंती ऐकून काय होतं ते आज बघितलंस. सावकाश चालव, रस्ता ओला आहे. दोघांच्याही फायली तुझ्या टेबलावर ठेवायला सांगितल्यात. शिक्काही तिथेच आहे.